कशावरून? – आमच्या इतिहास-वर्गाची वाटचाल

पहिली पाच वर्षं भेटेल तो पालक मला एकच विचारायचा, "इतिहासाला कशाला हवाय क्लास? वाचलं की झालं." पुण्यात अकरावी-बारावीचा क्लास म्हणजे सायन्सचा, फार तर कॉमर्सचा. आर्ट्सला गेलेल्या मुलाकडे नातेवाईक आधीच काळजीने बघत असतात, त्याच्यासाठी वेगळी फी भरायची हे बऱ्याच घरांत पटत नसे. तरी मी वर्ग काढला, कारण मला दुसरं काही इतकं मनापासून करावंसं वाटत नव्हतं.

डेक्कन कॉलेजातून पुरातत्त्वात एम.ए. करून बाहेर पडले तेव्हा उत्खननावर कायमचं काम मिळणं कठीण होतं. शेजारच्या मुलीला अकरावीचा इतिहास शिकवायला लागले, तिच्या दोन मैत्रिणी आल्या, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर जागा पुरेना. बहिणीने तिची भिशी लागल्यावर ते पैसे माझ्या हातात ठेवले. त्यातून सदाशिव पेठेत पिठाच्या गिरणीवरची एक खोली भाड्याने घेतली. सकाळी गिरणी चालू असली की भिंती थरथरत आणि फळ्यावर पिठाचा बारीक थर बसे. बॅच दुपारी अडीचची ठेवली, कारण तेव्हा गिरणी बंद असायची.

दुसऱ्या वर्षी मुलं बारा होती, चौथ्या वर्षी एकेचाळीस. ही वाढ कशाने झाली ते सांगायला हवं, कारण त्यातच आमची मोठी चूक आहे. मी टिपणं छापली होती. स्वच्छ अक्षरात, मुद्द्यांना अधोरेखित करून, शेवटी 'हमखास येणारे प्रश्न'. झेरॉक्सवाल्याकडे गठ्ठे असत. मुलं पाठ करत, मार्क मिळत, पालक खूश. शेजारी स्पर्धा परीक्षांचा सगळा बाजार. तिथली मुलंही येऊन टिपणं विकत नेऊ लागली. भाडं वेळेवर जात होतं.

त्या वर्षीची प्रिलिम तपासत होते. सातवाहनांवरचा प्रश्न होता. पहिल्या पेपरात लिहिलं होतं : नाणेघाटचा लेख गौतमी बलश्रीने कोरवला. मी लाल रेघ मारली. दुसऱ्या पेपरात तेच. तिसऱ्यात तेच, अगदी शब्दाला शब्द. दहाव्या पेपरानंतर मी उठून आमची टिपणं काढली. पान चौतीस. माझ्याच हाताने मी तसं लिहिलं होतं. जुन्नरजवळच्या नाणेघाटच्या गुहेतला लेख नागनिकेचा, पहिल्या सातकर्णीच्या राणीचा; यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी-घोड्यांची, नाण्यांची यादी देणारा. बलश्री ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. तिचा लेख नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला. दोघींमध्ये सुमारे दोन शतकं. रात्री घाईत टाइप करताना मी दोन राण्यांची अदलाबदल केली होती आणि एकतीस मुलांनी ती निमूटपणे पाठ केली होती. चुकीपेक्षा मला एका गोष्टीचं जास्त वाईट वाटलं. एकाही मुलाने मला विचारलं नव्हतं की मॅडम, हे कशावरून?

विचारणार तरी कसं? ते विचारायची जागाच मी टिपणांत ठेवली नव्हती.

जूनपासून टिपणं बंद केली. एकेचाळिसातली सतरा मुलं उरली. एका पालकांनी भरलेली फी परत मागितली, ती दिली. एका मोठ्या अकॅडमीने तीच टिपणं त्यांच्या नावाने छापायची तयारी दाखवली आणि आमच्या आठ महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम सांगितली. नाही म्हटलं. घरी त्यावर बोलाचाली झाली. ते दिवस सोपे नव्हते, एवढंच लिहिते.

आता काय करायचं, याचं उत्तर लोकलने एका दिवसात दिलं. सतराही मुलांना घेऊन पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो. सकाळी भाज्याची लेणी, दुपारी कार्ल्याची. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी होती. चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यात, शिरल्यावर मुलं आपोआप हळू बोलायला लागली. आत बघता बघता जवळजवळ ३८ मीटरचा दगडी मंडप आणि वर छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या, अजून जागच्या जागी. मी कुणाचं नाव सांगितलं नाही, शतक सांगितलं नाही. वहीत खांबांवरची अक्षरं दिसतील तशी उतरवून घ्या म्हटलं, आणि प्रत्येक ओळ संपते कुठे ते बघा.

वीसेक मिनिटांनी एक मुलगा म्हणाला, "शेवटची दोन अक्षरं सगळीकडे सारखी आहेत."

१८३७मध्ये जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकालाही हेच दिसलं होतं. सांचीच्या छोट्या छोट्या लेखांची शेवटची दोन अक्षरं एकसारखी. एवढ्या लोकांनी एवढ्या ठिकाणी एकच शब्द का कोरावा? देणगी दिली म्हणून. 'दानं'. तिथून ब्राह्मी ही प्राचीन लिपी उलगडली. आमच्या मुलांनी 'दा' आणि 'नं' ओळखल्यावर मी त्यांना अक्षरांचा तक्ता दिला, आणि एका खांबावरून त्यांनी चाचपडत वाचलं : धेनुकाकटा यवनस सिहधयानं थंभो दानं. धेनुकाकटा या गावच्या सिहधय नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक किंवा परदेशी माणसाने, दिलेला खांब. 'थंभो'वर एक मुलगी अडली, मग म्हणाली, "खांब?" सख्खा नाही, पण चुलत म्हणता येईल असा शब्द आहे तो. दाराजवळ सुतार सामी आणि गंधी सिंहदत्त यांच्या देणग्या सापडल्या, दोघेही धेनुकाकटाचेच. आणि ओवरीत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा, म्हणजे बड्या व्यापाऱ्याचा लेख, जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम असं हे 'सेलघर' पुरं केलं म्हणणारा. सेल म्हणजे शैल. घर म्हणजे घर. परतीच्या लोकलमध्ये मुलं तोच शब्द घोळवत होती, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर आपला रोजचा शब्द जसाच्या तसा कसा.

तेव्हापासून आमच्या वर्गात कुठलंही वाक्य फळ्यावर गेलं की त्याच्या पुढे 'कशावरून?' लिहायचं आणि उत्तर सापडेपर्यंत पुसायचं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये शाडू आणला. गणपतीच्या आधीचे दिवस, पेठेत शाडूची पोती उतरलेली. दोन लाकडी ठसे करून घेतले होते : एकावर सातवाहनांचा शत्रू असलेल्या क्षत्रप राजा नहपानासारखं डोकं, दुसऱ्यावर गौतमीपुत्राची तीन कमानींची टेकडी. प्रत्येकाने शाडूच्या चकतीवर आधी डोकं उमटवायचं, मग त्याच चकतीवर टेकडी. टेकडीखालून नहपानाचं नाक आणि कपाळ डोकावतंच. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६मध्ये नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता, हे वाक्य मी त्यानंतर सांगितलं. आधी कोण, नंतर कोण, हे आता विचारावं लागलं नाही. प्रत्येकाच्या तळहातावर ते ओलं होतं. मग बलश्रीचा लेख काढला, ज्यात ती आपल्या मुलाला क्षहरात वंशाचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निःपात करणारा म्हणते. आईने मुलाची केलेली स्तुती एकीकडे, चांदीवरचा ठसा दुसरीकडे. मुलांनीच निष्कर्ष काढला की नुसत्या स्तुतीवर विश्वास ठेवायचा नाही, पण इथे नाणी तिला दुजोरा देतात. त्या वर्षी सातवाहनांवरच्या उत्तरांत एकमेकांसारखे दोन पेपरही नव्हते.

इनामगाव आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिकवतो. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या लोकांच्या गावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं. सुतळी आणि खडूने जमिनीवर आधी आद्य जोर्वे, म्हणजे जोर्वे संस्कृतीच्या सुरुवातीच्या काळातलं ऐसपैस चौकोनी घर काढायचं, शेजारी उत्तर जोर्वे, म्हणजे तिच्या शेवटच्या काळातली सुमारे ३ मीटर व्यासाची गोल झोपडी. मुलं आत उभी राहतात. झोपडीत सहा जण दाटीवाटीने मावतात. माणसं गरीब झाली असावीत, पाऊसपाणी घटलं असावं, असं एक स्पष्टीकरण आहे. मी ते सांगते आणि लगेच कुणीतरी विचारतं, लहान घर म्हणजे गरिबीच कशावरून? तो तास संपता संपत नाही. घरांच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात लहान मुलांना पुरलेलं असे, हे सांगते तेव्हा मात्र कुणी काही विचारत नाही. मीही थोडा वेळ थांबते.

२०१९मध्ये अकरावीचं नवं पुस्तक आलं आणि त्यात महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांना चांगली जागा मिळाली. आमच्यासाठी ते वर्ष आनंदाचं. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. खोली सोडली, फळा गिरणीवाल्या काकांच्या गोदामात ठेवला. त्यांनी दीड वर्ष एक रुपया घेतला नाही. ऑनलाइन तासांना आम्ही प्रत्येक घरी शाडूची पिशवी आणि ब्राह्मीचा तक्ता कुरिअरने पाठवला. त्यात नफा काही उरला नाही, पण एकही मूल सोडून गेलं नाही.

आज दोन खोल्या आहेत, तीन शिक्षक, पंचावन्न मुलं. फी वाढवली ती एकदाच. स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी रविवारची बॅच चालते. तिच्या पैशावर अकरावीच्या मुलांचा कार्ल्याचा प्रवास निघतो, हे त्या बॅचला माहीत आहे आणि त्यांतले काही जण मुलांसोबत येतातही.

यंदा जुन्नरला शाखा काढली. ती सांभाळते ती त्या एकतीस पेपरांतल्या एका पेपराची मालकीण. तिने पुढे प्राचीन इतिहासातच एम.ए. केलं. पहिल्याच महिन्यात ती बॅचला नाणेघाटात घेऊन गेली. तिथल्या गुहेत राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते. ते नाहीसे झाले, वरची नावं राहिली. तिने मला एका नावाचा फोटो पाठवला, खाली स्वतः वाचून लिहिलं होतं : देवी नायनिका. म्हणजे आमची नागनिका. बराच वेळ मी तो फोटो बघत बसले.

संध्याकाळी तिचा फोन आला, तो वेगळ्याच कामासाठी. "ताई, शाडू संपला, आणि ठशांची एक जोडी हवी." सोमवारच्या एसटीने पाठवतेय.