आमची वाटचाल: फूल, पट्टा आणि अर्धा मीटर कापड

रविवार पेठेतल्या आमच्या पडदे-उश्यांच्या दुकानाची सुरुवात झाली ती एक जुकी शिलाई मशीन, एक कडा बांधायचं ओव्हरलॉक आणि आठ बाय चारचं कटिंग टेबल एवढ्यावर. टेबलाच्या कडेला ठोकलेली पितळी मीटरपट्टी अजून तिथेच आहे. भांडवल आमचं, हात मास्तरांचा. कापड उलगडलं की मास्तर आधी रिपीट, म्हणजे तीच नक्षी किती इंचांनी पुन्हा येते ते, मोजणार, मगच खडू उचलणार.

एका खोलीत तीन-चार वेगळी डिझाइनं बसवून द्यायची, ही आमची ओळख. आकार वेगळे हवेत आणि एक रंग सगळ्यांत हवा. पडद्यावर ताटाएवढं फूल असेल तर सोफ्याच्या उश्यांना बोटभर पट्टा आणि बैठकीला बारीक बुट्टी. दोन्हीकडे वाटीएवढीच फुलं घेतलीत की नजर कुठेच ठरत नाही. पांढऱ्याचंही तसंच. एका कापडाची जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, शुभ्र आणि दुसऱ्याची मोतिया असेल, तर मोतिया कापड शेजारी मळकं दिसतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे कळत नाही. नमुना घरी न्या, संध्याकाळी पिवळ्या दिव्यात बघा. मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करा; दोन डिझाइनं सारखीच करडी आली तर त्यांच्यामध्ये एक प्लेन घाला.

सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. दिवाणावरची सोलापुरी चादर हलवायची नाही, ही त्यांची अट. त्या ठसठशीत, विणतानाच उमटवलेल्या जेकार्डच्या नक्षीपुढे दुसरं मोठं डिझाइन टिकत नाही, म्हणून चादरीतला मरून उचलून पडदे बारीक पट्ट्याचे केले आणि राजस्थानातल्या बगरूच्या ठशाच्या बुट्टीच्या उश्यांना कडेने त्याच मरूनची पायपिंग, म्हणजे बारीक गोट, लावली. पायपिंगची पट्टी दीड इंच, पंचेचाळीस अंशात तिरकीच कापायची. सरळ कापली तर कोपऱ्यात चुणी पडते. सुती कापड शिवण्याआधी भिजवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात पायपिंग आखडते आणि उशी वाकडी होते. बाईंनी पुढे निम्मी सोसायटी आमच्याकडे पाठवली.

मग पलीकडच्या गल्लीत मोठी शोरूम आली. नाव घेत नाही, पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या नमुन्याच्या पाट्यांवरच्या जोड्या जशाच्या तशा त्यांच्या काचेत लागल्या आणि भाव आमच्यापेक्षा कमी. कसा कमी, ते ऐका.

पडद्याची उंची 84 इंच. खाली दुहेरी दुमडीला 8, वर 4, म्हणजे 96. फुलाचा रिपीट 25 इंच असेल तर प्रत्येक पडदा 100 इंच कापायलाच हवा, चार पूर्ण रिपीट. चार पडद्यांना सव्वादहा मीटर लागतं. शोरूम 96 ने कापायची, पावणेदहात भागवायची. प्रत्येक पडद्याला फूल चार इंच सरकतं, चौथ्यावर पोहोचेपर्यंत फूटभर. पण कोटेशनच्या कागदावर फूल दिसत नाही, अर्धा मीटर दिसतो. आम्ही कापड खातो, असं लोक तोंडावर म्हणाले. दोन दिवाळ्या कोरड्या गेल्या, एक मशीन विकलं, ताग्यांचं उधार थकलं. मास्तरांनी त्या काळात पगार निम्मा घेतला, पण खडू 96 वर टेकवला नाही.

सावरलो ते शिलाईच्याच कामावर. आता कोटेशनमध्ये रिपीट, कापणीची लांबी आणि वाया जाणारं कापड वेगळं लिहितो. ज्याला बेरीज येते त्याने करून बघावी. तुम्ही कुठूनही घ्या, पण एकाच ताग्यातलं घ्या आणि मीटरभर जास्त घेऊन ठेवा. पुढच्या लॉटचा रंग जुळेलच असं नाही, ठशाच्या कापडात तर नाहीच.

शोरूमचे पडदे घेऊन लोक येतात हल्ली, फुलं जुळवून द्या म्हणतात. बाकीचे पडदे सर्वांत वर असलेल्या फुलाच्या रेषेत आणायला वरून चार, आठ, बारा इंच कापावे लागतात, उंची तेवढी घटते आणि खाली प्लेन पट्टी जोडावी लागते. उसवण्याची मजुरी वेगळी पडते.