आडवी रायफल आणि चिंचवडचे काका

पुण्यात एका छोट्या एअर रायफल रेंजवर शिकवतो मी. २०२४ मध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतल्यापासून चौकश्या खूप वाढल्यात, पण येतात ते बहुतेक आईबाप, पोराला हाताला धरून. साठी उलटलेला माणूस स्वतःची रायफल खांद्याला अडकवून येतो हे क्वचितच. त्यामुळे हे काका लक्षात राहणारच होते, पण त्यांनी जे दाखवलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

काका चिंचवडचे, टूलरूममधून रिटायर. रायफल साधी स्प्रिंगवाली, पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच छर्ऱ्याची, वर बऱ्यापैकी चांगला स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. आल्या आल्या म्हणाले, "मास्तर, दुकानदाराने झिरो करून दिलीये, त्याच्या हातात छर्रा बरोब्बर मध्ये लागतो आणि माझ्या हातात डावीकडे खाली जातो. तो म्हणतो काका तुमचा हात हलतो. हात हलला तर कुठेही जाईल ना हो, दरवेळी एकाच जागी कसा जाईल?" झिरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर छर्रा नेमाच्या ठिपक्यावरच लागेल असा स्कोप जुळवणं. काकांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता.

म्हटलं मारून दाखवा. काका टेबलाशी बसले, बट, म्हणजे रायफलचा मागचा दस्ता, उजव्या खांद्याला लावला, आणि अख्खी रायफल डावीकडे नव्वद अंशात आडवी केली. स्कोप वर असतो तो डाव्या बाजूला. मला वाटलं सिनेमे बघून आलेत, टोकणार तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, ऑपरेशन झालं पण त्या डोळ्याने आता नुसता उजेड कळतो, आणि डाव्या खांद्यात प्लेट आहे त्यामुळे तिकडून बट लावता येत नाही. खांदा उजवा, डोळा डावा. रायफल आडवी केली की स्कोप खांद्यापासून चांगला चार बोटं डावीकडे सरकतो आणि मान जरा तिरकी केली की डावा डोळा बरोब्बर त्याच्या मागे येतो. कोणी शिकवलं नाही, घरी गॅलरीत रिकामी रायफल धरून धरून त्यांनीच शोधलं. मी गप्प बसलो.

दहा मीटरला पाच छर्रे मारले, ग्रुप छान, पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली असती. पण मधल्या ठिपक्यापासून डावीकडे दीड सेंटिमीटर आणि खालीही दीडच. मग मागच्या वीस मीटरच्या लेनवर नेलं तर डावीकडे आठ आणि खाली सहा. म्हणजे दहाला दोन्हीकडे सारखं आणि वीसला एकदम वेगळं, काका वैतागले होते ते यानेच.

आता हे का होतं. आपण समजतो नळी सरळ टार्गेटकडे बघते, पण तसं नसतं, छर्रा निघाल्या क्षणापासून खाली पडायला लागतो म्हणून झिरो करताना नळी स्कोपच्या नजरेपेक्षा किंचित वर बघणारी ठेवतात, बागेत लांबच्या कुंडीत पाणी टाकायला पाइप जरा वर धरतो तसं. काकांच्या रायफलचा छर्रा सेकंदाला दोनेकशे मीटरने निघतो, तो दहा मीटर जाईपर्यंत साधारण दीड सेंटिमीटर पडतो आणि वीसपर्यंत सहाच्या आसपास. रायफल डावीकडे आडवी केली की नळीचं ते 'वर' डावीकडे जातं. गुरुत्वाकर्षण मात्र तुमची रायफल कशी धरलीये हे विचारत नाही, ते खालीच ओढणार. म्हणजे जो चढ पडझड भरून काढायला दिला होता तो आता नुसता बाजूला ढकलतो. म्हणून ज्या अंतरावर झिरो केलंय, इथे दहा मीटर, तिथे छर्रा जेवढा पडतो तेवढाच बाजूलाही जातो, दीड आणि दीड. थोडक्यात, रायफल ज्या बाजूला कलते त्या बाजूला आणि खाली. झिरोच्या अंतरावरच मारायचं असेल तर नेम उलट्या बाजूला आणि वर, दोन्ही सारखाच धरायचा, विषय संपला. वीसला ते समीकरण मोडतं कारण स्कोप आणि नळी यांच्यातलं पाच सेंटिमीटर अंतर, जे उभ्या रायफलला वरखाली असतं, तेही आता आडवं झालेलं असतं.

मॅचवाल्या पोरांना मी हे नेहमी सांगतो, त्यांच्याकडे स्कोप नसतो, पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायचा नेम, असते, पण नियम तोच. पाच अंश कल बदलला तरी दहा मीटरला छर्रा दीडेक मिलिमीटर सरकतो, रिंगमधलं अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे दशांशात मोजलं तर अर्ध्या गुणाहून जास्त गेला. प्रोनला, म्हणजे पालथं झोपून मारताना, कितीतरी जण रायफल थोडी कलतीच धरतात, हरकत नाही, फक्त प्रत्येक शॉटला कल तेवढाच पाहिजे.

काकांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून स्कोपवरचा छर्रा वर-खाली सरकवणारा वरचा नॉब 'अप'कडे फिरवून पाहिला होता, तर छर्रा वर जायच्या ऐवजी आणखी डावीकडे गेला. जाणारच, आडव्या रायफलचं 'अप' म्हणजे डावीकडेच. वर न्यायचं असेल तर डावं-उजवं करणारा बाजूचा नॉब 'आर'कडे, म्हणजे राइटकडे, फिरवायचा. हे सांगितल्यावर ते इतक्या जोरात हसले की शेजारच्या लेनवरच्या मुलीने शॉट सोडून वळून पाहिलं.

मी कागद घेऊन दहाला झिरो आडवं केलं तर वीसला किती, हे मांडत होतो. ते केलं असतं तर नजरेची आणि नळीची रेषा दहाला एकमेकींना ओलांडतात आणि वीसला छर्रा पाच सेंटिमीटर पलीकडे. काका बघत होते, म्हणाले, "अहो पण ओलांडायचंच कशाला? समांतर लावा की." मी पेन खाली ठेवलं. टूलरूमचा माणूस! नळी आणि स्कोप आडव्या दिशेत समांतर ठेवले तर छर्रा दहाला, वीसला, कुठेही, नेमापासून उजवीकडे तेच पाच सेंटिमीटर. मग नेमाचा ठिपका टार्गेटच्या डावीकडे पाच सेंटिमीटरवर चिकटवायचा आणि हिशोब विसरून जायचा.

बॅगेतून स्वतःचा व्हर्नियर काढला त्यांनी. बॅरलची वरची कड ते स्कोपच्या ट्यूबची खालची कड मोजली, दोन्हीचे अर्धे व्यास मिळवले, पन्नास मिलिमीटरच्या जरासा वर आकडा आला. कागदावर ठिपका आणि तेवढ्या अंतरावर उजवीकडे फुली. मग वरचा नॉब 'डाऊन'कडे, नॉबचा एक टप्पा म्हणजे एक क्लिक, दहा मीटरला तो जेमतेम पाऊण मिलिमीटर, त्यामुळे नव्वदेक क्लिक फिरवावे लागले, स्वस्तातला स्कोप असता तर मध्येच अडकला असता. बाजूचा नॉब वीसेक क्लिक 'आर'. छर्रे फुलीवर यायला लागले. मग वीसला, ठिपका तोच फुली तीच, आडव्यात एकदम नीट आणि खाली तीन सेंटिमीटर, हिशोबातही तीनच आलं होतं.

ते तीन भरायला नॉबला हात लावायची गरज नाही. मिल डॉटचा स्कोप, म्हणजे ज्याच्या आत क्रॉसच्या रेषांवर ठरावीक अंतरावर ठिपके असतात तो, आडवा झाला की आडव्या रेषेवरचे ठिपके उभे होतात, वीस मीटरला दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे दोन सेंटिमीटर, क्रॉसच्या खाली दीड ठिपका घेतला की झालं. फक्त झूम त्याच्या ठरलेल्या आकड्यावर पाहिजे, नाहीतर ठिपक्यांना अर्थ नाही.

राहिला प्रश्न नव्वद म्हणजे नव्वदच कसं ठेवायचं. पाच अंश इकडेतिकडे झालं तर या सेटिंगमध्ये छर्रा चार-पाच मिलिमीटर वरखाली होतो. पुढच्या वेळी काका अ‍ॅल्युमिनियमचा छोटा ब्लॉक मिलिंग करून घेऊन आले, त्यात लेव्हलची काचेची नळी बसवलेली, स्कोपच्या रिंगला स्क्रूने फिट. नेम धरताना दुसऱ्या कोणीतरी बुडबुडा बघायचा आणि "हां" म्हणायचं. पहिले काही दिवस ते काम माझ्याकडे होतं, आता त्यांची नात करते आणि माझ्यापेक्षा कडक आहे, बुडबुडा केसभर हलला तरी "आजोबा थांबा".

आता काकांना तीस मीटर पाहिजे. म्हटलं आडव्यात पाच तेच राहील, खालचं बरंच वाढेल, पण आमचं छप्परच वीस मीटरला संपतं. तर म्हणाले, छपराचं कोणाशी बोलायचं?