तांबडी सुर्लचा धबधबा: किलोमीटर नको, व्हाळ मोजा

सह्याद्रीची रांग सुमारे 1600 किलोमीटरची. ती सलग चालायला रजा आम्हा चौघांपैकी कुणालाच मिळणार नाही. म्हणून गोव्याच्या वाट्याला आलेला तुकडा रविवारी-रविवारी थोडा थोडा पायाखाली घालायचा, असं ठरलंय. ऑक्टोबरातला पहिला रविवार तांबडी सुर्लला दिला. महादेवाच्या देवळापासून मागच्या रानातल्या धबधब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं.

एका बाजूने अंतर अडीच-तीन किलोमीटर. ते ऐकून आमच्यातला एक म्हणाला, "दहाला निघू, जेवायला घरी." त्याचं ऐकलं नाही तेच बरं.

सहाला फोंडा सोडलं. पेट्रोल तिथेच भरून घ्या. मोलेला पातळभाजी-पाव आणि एकेक बन खाल्ला; पुढे खायला मिळेल या भरवशावर राहू नका. मोलेहून देऊळ बारा-तेरा किलोमीटर. वाटेत कधीतरी फोनची रेंज जाते, म्हणून घरी कळवायचं ते मोलेलाच कळवा. धबधबा भगवान महावीर अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याकडे आधी चौकशी कराच. 2023 च्या जुलैमध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली होती. नियम हंगामागणिक बदलतात, मागच्या वर्षी कुणी गेलं होतं म्हणून गृहीत धरू नका. त्याच महिन्यात दूधसागरला रुळांवरून चालत निघालेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते तर सगळ्यांनी फोनवर पाहिलंच.

देवळाला अर्धा तास द्या, तोही सकाळी. कदंबकाळातलं, काळ्या दगडाचं, पूर्वाभिमुख. कोवळं ऊन सभामंडपाच्या खांबांवर येतं तेव्हा त्यांच्यावरची नक्षी उठून दिसते. आत नंदी आहे, त्याला शीर नाही.

साडेआठला वाटाड्या काकांबरोबर रानात शिरलो. वाट चढाची नाही, पण व्हाळ, म्हणजे ओढा, सारखा आडवा येतो. पाचव्यांदा ओलांडल्यावर मी मोजणं सोडलं. दर वेळी बूट काढायचे नाहीत. भिजलेल्या बुटांनीच चाला, अनवाणी पाय शेवाळावर टिकत नाही. जाड तळव्याच्या ट्रेकिंग बुटांपेक्षा माझे जुने कॅनव्हासचे बूट बरे ठरले, पाणी लगेच निथळतं. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी हाताशी ठेवा आणि विजार मोज्यांत खोचा. एका ठिकाणी मी आधाराला फांदी धरणार, तोच काकांनी माझं मनगट पकडलं. फांदीवर हिरवा चापडा, विषारी साप, वेटोळं करून बसला होता, पानासारखाच. तेव्हापासून हात ठेवण्याआधी बघतो.

पावणेअकराला धबधबा. पाणी भरपूर होतं, डोहात कुणी उतरलं नाही. बाराला परत फिरायचं हे निघतानाच ठरलं होतं, आणि या सबंध बेतातली तेवढीच गोष्ट आम्ही काटेकोर पाळली.

तरी एकच्या सुमाराला गडगडलं. ऑक्टोबरचा पाऊस दुपारी येतो आणि वर घाटात आधी पडतो. आमच्या डोक्यावर चार थेंबही नव्हते, पण सकाळी गुडघाभर असलेला व्हाळ लालसर झाला, मग मांडीला लागला. आमच्यातला घाईवाला एक पाय टाकून बसला होता. काका कोकणीत एवढंच म्हणाले, "उदक वाडटा, रावात मात्शे." म्हणजे पाणी वाढतंय, थांबा जरा. काठावरचा एक चपटा दगड त्यांनी खूण म्हणून दाखवला: तो परत दिसला की जायचं. सव्वा तास बसलो. चुरमुरे-फरसाण संपलं, राजकारणही संपलं. दगडाची कड वर आली, मग पाठ दिसली. दोर धरून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, आडवे सरकत पलीकडे गेलो. साडेतीनला देवळापाशी.

हा सव्वा तास हिशेबात धरूनच निघा. दहाला निघालो असतो तर व्हाळाकाठीच संध्याकाळ झाली असती. दाट रानात साडेपाचलाच अंधारतं. विजेरी, वीसेक मीटर दोर आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सुका शर्ट एवढं प्रत्येक सॅकमध्ये हवंच. पावसाळ्याच्या ऐन भरात ही वाट नको. मे महिन्यात जाऊ नका असं नाही, पण धबधबा म्हणून ओला कातळच बघायला मिळेल. माझ्या मते नोव्हेंबर सर्वांत चांगला.

आणि गाडीत माणशी एक कोरडा टॉवेल ठेवा. आमच्याकडे एकच होता, आणि ज्याचा होता त्याने तो फोंड्यापर्यंत कुणाला दिला नाही.