हात लावल्यावर गप्प बसते की फिरवल्यावर?

इलेक्ट्रिक गिटार न वाजवताही गुणगुणायला लागली की पहिला हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. तो आधी खाली ठेवा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, तारांना हात लावू नका आणि नुसतं ऐका.

गिटारवरचा व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर आवाज गेला, तर तो गिटारमधूनच येतोय. तसाच राहिला, तर केबल, पेडल (आवाज बदलणारी पायाखालची डबी) किंवा ॲम्पचा (आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरचा) दोष. ॲम्पच्या जॅकमधून केबल काढूनही तो चालूच असेल, तर गिटारची सुटका झाली. रिकामा असताना बहुतेक ॲम्पचा इनपुट जॅक आपोआप ग्राउंडला जोडला जातो, त्यामुळे उरलेला आवाज ॲम्पच्या पोटातला असतो. सूर ओळखायचा असेल तर जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झचा असतो. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे, तिथे पॉवर सप्लायच्या म्हाताऱ्या फिल्टर कपॅसिटरची गुणगुण १०० हर्ट्झवर, म्हणजे जवळपास त्याच सुरात येते. ६० हर्ट्झच्या देशांत ती १२० वर, सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या मध्ये कुठेतरी. ते कपॅसिटर बदलणं मात्र जाणत्या माणसाचं काम. ट्यूब ॲम्प बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहतात.

आता गिटारमधला आवाज. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण दोन वेगवेगळे आवाज एकाच नावाने ओळखले जातात.

पहिला म्हणजे जाड, गोल ‘हूं’. हा चुंबकीय क्षेत्राचा. ॲम्पचा किंवा अडॅप्टरचा ट्रान्सफॉर्मर जवळ असला की सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांखालचं एकाच कॉइलचं चुंबकी यंत्र, तो उचलतो. हातात गिटार धरून जागच्या जागी हळूहळू फिरत गेलात की एका कोनात हा आवाज जवळजवळ मरतो. दुसरा म्हणजे करकरीत, माशी घोंघावावी तसा ‘झ्झ्झ’. हा विद्युत क्षेत्राचा. दिव्यांचे डिमर, स्वस्त एलईडी ड्रायव्हर आणि चार्जर तो पसरवतात, आणि आपलं शरीर अँटेनासारखं काम करून तो पिकअपपर्यंत नेतं. तारांना हात लावला की आपण ग्राउंडला जोडले जातो आणि तो दबतो.

फिरवल्यावर जाणाऱ्या आवाजावर गिटारच्या आत शील्डिंगसाठी चिकटवायच्या कॉपर टेपचा काडीचाही उपयोग नाही. पातळ तांबं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही. अख्खी संध्याकाळ टेप चिकटवण्यात घालवून लोक निराश होतात ते इथेच. या आवाजाला उत्तर एकच, उलट गुंडाळलेली दुसरी कॉइल. गिब्सनसाठी सेथ लव्हर यांनी हेच केलं. या दोन कॉइलच्या पिकअपच्या, म्हणजे हमबकरच्या, पेटंटसाठी त्यांचा अर्ज १९५५ सालचा. दोन कॉइलमध्ये गुणगुण एकमेकींच्या विरुद्ध येऊन कटते. चुंबकही उलटे असल्याने तारांचा आवाज मात्र जुळून वाढतो. स्ट्रॅटचा (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) मधला पिकअप असाच उलटा असेल, तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे तो शेजारच्या पिकअपसोबत चालतो, गिटार शांत होते. तिथेही सारखीच गुणगुणत असेल, तर मधला पिकअप साधाच आहे.

हमबकर असूनही सिंगल कॉइलसारखी गुणगुण येत असेल, तर एक कॉइल बंद आहे का बघा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही ओळींच्या पोलना (पिकअपवर दिसणाऱ्या धातूच्या टोकांना) हलकेच टिचकी मारा. दोन्हीकडून ‘टक्’ यायला हवा. एकीकडूनच आला, तर एक कॉइल बंद करणारा स्प्लिटचा स्विच ओढलेला राहिलाय किंवा आत तार तुटलीय.

हाताची परीक्षा मात्र बरंच काही सांगून जाते. हात लावल्यावर झ्झ्झ दबतो, म्हणजे तारांचं ग्राउंड शाबूत आहे, शील्डिंग कमी आहे. तारांना लावून फरक नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर दबतो, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची वायर सुटलीय. हात लावल्यावर आवाज वाढतो, तर जॅकवर टिप (सिग्नल) आणि स्लीव्हच्या (ग्राउंड) वायरी उलट लागल्यात. फक्त पिकअपच्या धातूच्या झाकणाला हात लावल्यावर वाढत असेल, तर त्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल झालीय आणि झाकण गरम, म्हणजे सिग्नलच्या, बाजूला गेलंय.

खात्रीसाठी मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. केबलचं एक टोक गिटारमध्ये, दुसरं मोकळं. एक प्रोब मोकळ्या प्लगच्या स्लीव्हवर, दुसरा ब्रिजवर, तारांवर आणि पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर. एक-दोन ओहमच्या आत आकडा यायला हवा. मग रेंज २० किलोओहम करून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून टिप आणि स्लीव्हच्या मध्ये मोजा. सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७, हमबकरला ७ ते ९ किलोओहम, तगड्या पिकअपला त्याहून जास्त. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपला हे मोजमाप लागू नाही.

पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना किमान ४० वॅटचा आयर्न घ्या आणि आधी पाठ सँडपेपरने घासा. १५ वॅटचा आयर्न मिनिटभर टेकवून ठेवलात तर सोल्डर नीट वितळत नाही, आतला ट्रॅक मात्र भाजून निघतो. वायर हलवल्यावर जोड हलला, तर तो कच्चा.

शील्डिंगला गोंदही वीज वाहून नेणारा असेल अशीच टेप घ्या. साधा गोंद असेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा थेंब लागतो. कॅव्हिटीच्या (गिटारमधल्या पोकळीच्या) काठावरून टेप थोडी वर आणा, म्हणजे पिकगार्डच्या (वरच्या झाकणपट्टीच्या) मागची टेप तिला टेकेल. एक वायर ग्राउंडला जोडा. आणि जॅकच्या टिपच्या पात्याला इन्सुलेशन टेप लावायला विसरू नका. प्लग घातल्यावर ते पातं बाहेर सरकून तांब्याला टेकतं आणि गिटार मुकी होते. मग लोक तासभर पिकअप तपासत बसतात.

गिटारबाहेरचे गुन्हेगार लवकर सापडतात. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज गेला, तर तो ग्राउंड लूप (ग्राउंडला एकाहून जास्त वाटा मिळून झालेलं वेटोळं) किंवा चार्जरच. डिजिटल पेडलची बारीक शिट्टी एकाच अडॅप्टरवरून सगळ्यांना पुरवठा केल्याने येते. तेच पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा, मग आयसोलेटेड सप्लाय घ्या. दोन ॲम्पमधला लूप तोडायला सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. तारा त्याच अर्थला जोडलेल्या असतात आणि माईकला ओठ लागतात. झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवून आधी वायरिंग तपासून घ्या.

एवढं करून उरलेली सूऽऽ गेनची, म्हणजे सिग्नल किती वाढवलाय त्याची, असते. गेन उतरवा. नॉइज गेट लावलंत तरी ते फक्त वाजवणं थांबल्यावर तोंड बंद करतं. सूर चालू असताना सगळी घाण त्याच्याखाली तशीच वाहत असते.