कपाट गार का लागतं

काल दुपारी इतकं उकडत होतं की पलंगावरून उठले आणि सरळ लोखंडी कपाटाला पाठ टेकून खाली बसले. आहाहा! शेजारीच लाकडी टेबल, त्याला हात लावून बघितला तर तसलं काही सुख नाही. आता दोघंही सकाळपासून त्याच खोलीत, त्याच हवेत, म्हणजे टेम्परेचर एकच असणार हे मला ठाऊक आहे, पण पाठीला कोण समजावणार.

शाळेत हे वाचलं तेव्हा मला काडीचंही पटलं नव्हतं. मग घरातला तापाचा थर्मामीटर काढला, आधी कपाटाला लावला, मग टेबलाला. पारा ढिम्म. दोन्हीकडे सारखंच, म्हणजे पुस्तक बरोबर, असं वहीत लिहूनसुद्धा टाकलं! तो थर्मामीटर मुळात ३५ डिग्रीच्या खालचं काही दाखवतच नाही हे फार उशिरा डोक्यात शिरलं. उत्तर बरोबर आणि प्रयोग साफ भिकार. असे मार्क मी पुढेही बरेच मिळवले.

गंमत अशी की हाताला टेम्परेचर कळतच नाही, अंगातली उष्णता किती भराभर जातेय तेवढंच कळतं, आणि उष्णता पळवण्यात लोखंड लाकडाच्या शंभर पटींहून पुढे. म्हणून तर तेच कपाट उन्हात ठेवलं की चटका देतं, तिथे उष्णता उलटी आपल्या अंगात घुसते.

यावरून दादाशी लागलेली पैज आठवली. तो म्हणे ब्लँकेट गरम असतं, त्यात बर्फ लगेच वितळणार. मी म्हटलं नाही वितळणार. मला काही कळत होतं असं नाही, दादा हो म्हणाला की मी नाही म्हणायचे एवढंच. एक तुकडा स्टीलच्या ताटलीत उघडा, एक ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. बऱ्याच वेळाने बघितलं तर ताटलीत नुसतं पाणी, आणि ब्लँकेटमध्ये चिंचोक्याएवढा का होईना, पण बर्फ शिल्लक! मी नाचायलाच लागले.

दादा शांतपणे म्हणाला, "तुझा तुकडा मोठा होता."

होताच. मीच निवडला होता.

मग एकाच ट्रेमधले सारखे तुकडे घेतले. त्यावर त्याचं नवीन काढणं, ताटली स्टीलची आहे, ती उष्णता आणून देते, उघडा तुकडापण कापडावरच ठेव. म्हणजे फरक फक्त गुंडाळण्याचा राहील. तेव्हा मला तो शुद्ध रडीचा डाव वाटला होता (अजूनही थोडा वाटतो), पण इतका नीट प्रयोग मी नंतर लॅबमध्येसुद्धा केला नाही. तिसऱ्या वेळेलाही ब्लँकेटच जिंकलं. चौथ्यांदा करायला बर्फच उरला नाही, आणि रात्री आईने ओलं ब्लँकेट वर धरून "हे कुणी केलं?" विचारलं तेव्हा दोन्ही शास्त्रज्ञ झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

असो. कपाटाची ती जागा एव्हाना कोमट झालीय, जरा बाजूला सरकते.