दोनशे लिटर साबण

सकाळी सेटलिंग टाकीच्या काचेच्या नळीला टॉर्च लावला. वर सोनेरी बायोडिझेल, खाली काळपट ग्लिसरीन आणि मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ दिसायला हवी होती. नळीत वरपासून खालपर्यंत नुसती पिवळट रबडी. बोटांत चोळली तर फेस आला. दोनशे लिटर करंज तेलाचा साबण झाला होता!

तेलात आम्ल दोन टक्क्यांच्या वर असेल तर कॉस्टिक, म्हणजे तेलाचं बायोडिझेल करायला लागणारी अल्कली, थेट टाकत नाहीत. आधी सल्फ्युरिक आणि मिथेनॉलची फेरी घालून आम्ल उतरवतात. म्हणून बॅचआधी टायट्रेशन, म्हणजे तेलातलं आम्ल मोजायचं. ब्युरेटमधून अल्कली थेंबाथेंबानं सोडायची, गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. यात माझा हात चुकत नाही, तेवढा माज मला आहे. आकडा आला होता १.६ टक्के, म्हणजे कॉस्टिक थेट चालणार होतं.

साहेबांनी पाच मिनिटांत निकाल लावला, "बी ओलं होतं." त्यांनी आयुष्यात करंजाची एक शेंग फोडलेली नाही. बी आणणाऱ्या आजींच्या राहिलेल्या पैशांतून किलोमागे दोन रुपये कापले. आजींनी ओच्यातलं एक बी काढून दाताखाली धरलं. कट्ट वाजलं. "ओलं बी असं वाजतं का गं, पोरी?"

दुपारी मी रिकामा ड्रम आडवा केला. तळातून निघालं त्यात तेल कमी, पाणीच जास्त. तेलात पाणी असलं की कॉस्टिकनं साबण होतो. जुलैचा पाऊस, ड्रम बाहेर उभे. माथ्यावर पाणी साचतं, दिवसा ड्रम तापतो आणि रात्री गार पडताना बुचातून ते पाणी आत ओढून घेतो. वायसर कधीच गेलेला. २००९च्या धोरणात २०१७पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळायचं लक्ष्य होतं. आमच्याकडे बुचाच्या वायसरला मंजुरी मिळत नव्हती.

पण नमुना मी ड्रमच्या वरूनच घेतला होता. पळीभर तेल तापवून तडतड ऐकायची, पाणी लगेच कळतं. त्या दिवशी घाईत तेही केलं नाही. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रजिस्टरमध्ये लिहू नका."

मी लिहिलं. वायसर आठवड्यात आला. आजींचे पैसे मात्र कापलेलेच राहिले, आणि पुढच्या हंगामात त्यांनी बी दुसरीकडे घातलं.