आजोबांची .315 आणि नव्या रायफलीचा मोह

रावेर तालुक्यात आमचा केळीचा मळा आहे. त्या मळ्याच्या राखणीसाठी आजोबांनी घेतलेली .315 ची रायफल, वडिलांच्या पश्चात परवाना रीतसर माझ्या नावावर झाल्यावर, माझ्या ताब्यात आली. ही ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची बोल्ट-ॲक्शन असून तिची घडण मूळ ली-एनफील्डचीच आहे. सैन्याचे .303 काडतूस सर्वसामान्य नागरिकाच्या हाती पडू नये हे ब्रिटिशांचे धोरण होते, म्हणून ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर काडतुसाच्या कुळातली 8 मिलिमीटरची गोळी तिच्या वाट्याला आली. शिकारीचा प्रश्न 1972 च्या वन्यजीव कायद्याने निकालात निघाला. मी ती रेंजवर, कागदी लक्ष्यावर चालवतो.

तेथेच एका स्नेह्याने सुचवले की, ही काढून टाका आणि हाताने जुळवलेली एखादी परदेशी रायफल बघा. 100 मीटरवर माझ्या दहा गोळ्या 18 सेंटिमीटरच्या वर्तुळात विखुरत होत्या, त्यामुळे त्यांचे म्हणणे मनाला लागले होते. (दहाच गोळ्या मोजाव्यात, तीन गोळ्यांचा सुरेख ग्रुप हा पुष्कळदा निव्वळ योगायोग असतो.)

अशा हाताने जुळवलेल्या, म्हणजे कस्टम, रायफलीत नेमके काय असते, हे आधी पाहिले पाहिजे. ॲक्शनचे, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याचे, तोंड नळीच्या अक्षाशी तंतोतंत काटकोनात आणलेले असते, नळी निवडून घेतलेली असते, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, ठरावीक काडतुसाच्या मापाने अगदी नेटके कापलेले असते आणि दस्ता मालकाच्या खांद्याला व गालाला बेतून केलेला असतो. शिवाय काही बिघडले तर जाब विचारायला एकच कारागीर असतो, आणि माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. परंतु त्या नेटक्या चेंबरचा लाभ घ्यायचा, तर परदेशातील नेमबाज करतात त्याप्रमाणे दारूचे वजन आणि गोळीची बैठक बदलून बदलून, त्या एका नळीला मानवणारे काडतूस स्वतः भरावे लागते. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरता येत नाही. .315 पुरते बोलायचे, तर बुडावर ‘केएफ’ अक्षरे असलेले, खडकीच्या कारखान्यातून आलेले जे काडतूस दुकानात मिळेल, त्यावरच भागवावे लागते. नळी कितीही उंची बसवली, तरी तिला खायला घालायचे ते हेच.

त्यातच 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला आयात जवळजवळ बंद झाल्यामुळे, देशात फिरणाऱ्या जुन्या परदेशी रायफलींची किंमत कारागिरीपेक्षा दुर्मिळतेवरच ठरते. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, त्यामुळे नव्यासाठी जागाही मोकळी असावी लागते.

.22 च्या स्पर्धात्मक नेमबाजीला यातले काहीच लागू नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते. तेथे साध्या रायफलीची डागडुजी करत बसण्यात अर्थ नाही. जर्मन कारखान्याची तयार मॅच रायफल घ्यावी आणि तिला मानवणारा काडतुसांचा लॉट शोधण्यावर पैसा घालावा.

मी डागडुजीचा मार्ग धरला आणि पहिलाच घाव चुकीच्या जागी बसला. शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून परवानाधारक दुकानातच रायफल दिली होती. त्या गृहस्थांनी चाप हलका करण्याच्या भरात त्याची पकड इतकी घासली की, बोल्ट जरा जोरात पुढे सारला तरी घोडा आपोआप सुटू लागला. रिकाम्या रायफलीवर तपासले म्हणून हे लक्षात आले. अन्यथा काय झाले असते, याचा विचारही नको.

नंतर धुळ्याचे एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी चापाकडे किंवा नळीकडे न पाहता पुढचे लाकूड उतरवले, नखाने टोकरून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, हाई लाकूड पानी पेस.” ली-एनफील्डचे लाकूड दोन तुकड्यांचे असते आणि धक्का पुढच्या तुकड्याच्या मागील टोकाला झेलावा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा हे लाकूड आक्रसते, श्रावणात फुगते आणि नळीला कधी डावीकडून, कधी खालून रेटते. उन्हाळ्यात जुळवलेला नेम पोळ्यापर्यंत का टिकत नाही, याचे उत्तर मला इतकी वर्षे मिळाले नव्हते.

मिस्त्रींनी कंदिलाची काजळी नळीच्या खालच्या बाजूला आणि ॲक्शनला पातळ फासली, लाकूड दाबून बसवले आणि पुन्हा उतरवले. जेथे काळा डाग उमटला होता, तेथूनच पटाशीने कागदासारखा पापुद्रा काढला. हे त्यांनी किती वेळा केले, ते मी मोजायचे सोडून दिले. दुपारचा चहा दोनदा गार झाला. मागील टोकाला जेथे लाकूड चेपले होते, तेथे सागवानाचे दोन तुकडे बसवले आणि सगळ्या आतल्या अंगाला जवसाचे तेल मुरवले. चाप त्यांनी पुन्हा मूळ वजनावर आणला आणि त्याहून हलका करण्यास साफ नकार दिला. नळीला त्यांनी हात लावला नाही. तांब्याचा जुना थर काढल्यावर गोळीला फिरकी देणारे आतले आटे अजून धारदार असल्याचे त्यांनी मला प्रकाशात धरून दाखवले.

पुढच्या महिन्यात त्याच रेंजवर, ‘केएफ’च्या त्याच पेटीतील दहा गोळ्या 9 सेंटिमीटरमध्ये आल्या. 100 मीटरवर 29 मिलिमीटर म्हणजे कोनाचे एक मिनिट (अंशाचा साठावा भाग), या हिशेबाने तीन मिनिटांच्या थोडे वर. उघड्या माशीने, म्हणजे दुर्बिणीशिवाय, आणि माझ्या पन्नाशीच्या डोळ्यांनी याहून अधिक मागण्यात अर्थ नाही. स्नेह्यांना तो कागद दाखवला, तेव्हा त्यांनी श्रावणात पुन्हा दाखवा, एवढेच म्हटले. श्रावण लागून आज आठ दिवस झाले आणि रविवारी रेंज उघडी आहे.